नाही म्हणण्याची सोय

मराठीत ‘माणसाळणं’ असं एक क्रियापद आहे. हिंदीतला ‘पालतू’ पाळण्यावरून येतो, त्यात पाळणारा दिसतो. कन्नडमध्ये ‘पळगिसु’ म्हणतात, त्यात वळण लावणं आहे, म्हणजे वळण लावणाराही आहे. मराठीने मात्र सगळं काम जनावरावर सोपवलं. माणसाळतं ते जनावर. आपण नुसते समोर उभे. शिवाय माणसाजवळ येणं म्हणजे थोडंसं माणूस होणं, असंही या शब्दाने परस्पर ठरवून टाकलं आहे. कुत्र्याच्या बाबतीत हे खपून जातं. कुत्रा निदान पंधरा हजार वर्षं आपल्या चुलीभोवती आहे. त्याने आपल्याला घडवलं आणि आपण त्याला. पण ज्याच्या कुळाचा माणसाशी असा व्यवहार कधी झालाच नाही, जो प्रत्येक पिढीत रानटी म्हणूनच जन्मतो, असा प्राणी एके दिवशी आपल्या हातावर चढून बसतो, तेव्हा काय घडलेलं असतं? त्याला विश्वास म्हणायचं का? आणि तो विश्वास असेल किंवा नसेल, आपल्यावर त्यामुळे काय बंधन येतं?

हा प्रश्न मला पुस्तकातून भेटला नाही. तो बंगळूरमधल्या माझ्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी एका जाड फांदीवर बसलेला असतो. शेपटीसकट साडेतीन फूट. हिरवा इग्वाना, नर, वय सात.

माझ्या भाच्याने २०१८ साली, कॉलेजात असताना, त्याला वीतभर पिल्लू असताना विकत आणलं. २०२१ मध्ये भाचा पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघाला आणि “मावशी, दोन महिने सांभाळशील ना?” म्हणत काचेची पेटी माझ्याकडे ठेवून गेला. अशा दोन महिन्यांचं पुढे काय होतं ते सगळ्या मावश्यांना ठाऊक असतं. त्याने नाव ठेवलं होतं रेक्स. मी ते बदललं नाही, कारण तो कुठल्याच नावाला ओ देत नाही.

पेटीबरोबर एक साधा पिवळा बल्ब होता आणि एक सूचना होती: रोज ताजा पालक. इग्वानाचा खालचा जबडा हाताला मऊ लागत होता आणि चालताना त्याचे मागचे पाय थरथरत होते. या प्राण्याला उन्हातल्या अतिनील किरणांतला एक विशिष्ट भाग मिळाला तरच त्याच्या कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरू लागतं. हे किरण काचेतून आत येत नाहीत. म्हणजे खिडकीच्या काचेमागे ऊन खात बसलेला इग्वाना आपल्याला सुखी दिसतो, पण त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त उजेड आणि ऊब. पालकातलं ऑक्झलेट उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून टाकतं. रोज पेटी पुसणारा, रोज निवडून पालक घालणारा मायाळू मुलगा तीन वर्षं त्याची हाडं झिजवत होता, आणि हे दोघांपैकी कोणालाच कळत नव्हतं. जिव्हाळा आणि निगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घरात असं हाडांवर लिहून आलं.

पेटी गेली. मोठा जाळीचा पिंजरा आला, योग्य दिवा आला, थंडीच्या रात्रींसाठी उष्णता देणारा सिरॅमिकचा गोळा आला. पालकाच्या जागी शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, लाल भोपळ्याचा कीस. कोपऱ्यावरची भाजीवाली आता मी दिसले की न विचारता ‘नुग्गे सोप्पु’ची जुडी काढून ठेवते. घरकामाला येणाऱ्या बाई त्याला ‘उडा’ म्हणतात, म्हणजे घोरपड, आणि अजूनही त्याच्या बाजूने केर काढत नाहीत. घोरपड म्हटलं की आपल्याला तानाजी आणि ती यशवंती आठवणार; तमिळमध्येही चिवट पकडीला ‘उडुंबुप्पिडी’, घोरपडीची पकड, असंच म्हणतात. दक्खनभर या प्राण्याची ख्याती न सोडण्याची. रेक्सचा तिच्याशी संबंध नाही. घोरपड मांस खाते, तो पाला खातो. ती इथली, तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. पण बाईंना मी हे किती वेळा सांगणार?

पहिल्या दोन महिन्यांत मी त्याला औषधापुरतंच शिवले. इग्वानाच्या डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मध्ये जरा मागे, एक फिकट गोल खवला असतो. तो तिसरा डोळाच. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली यांतला बदल तेवढा कळतो, आणि तेवढंच त्याचं काम आहे, कारण झाडाच्या शेंड्यावर बसणाऱ्या सरड्याचं मरण वरून, ससाण्याच्या रूपात येतं. डोक्यावरून हात फिरवणं ही आपल्याकडची मायेची सर्वांत जुनी खूण. त्याच्या शरीरात नेमकी तीच झडप म्हणून कोरलेली आहे. तेव्हा पहिला नियम हा झाला की हात वरून न्यायचा नाही. समोरून, खालून, तो बघत असताना न्यायचा. दुसरा नियम, त्याच्या मागे लागायचं नाही. तिसरा असा की मी खोलीत असेन तेव्हा पिंजऱ्याचं दार उघडं राहील.

मी मुद्रितं तपासते. त्यामुळे बसायला काम होतंच. दाराशी स्टूल टाकून मी मुद्रितं मोठ्याने वाचत बसायचे, स्वल्पविरामासकट. त्याने सुरुवातीला शेपटी चाबकासारखी फिरवली, एकदा मनगटावर वळ उठला. गळ्याखालची पोळी ताणून मान वरखाली हलवत त्याने मला अनेकदा बजावलं की ही फांदी त्याची आहे. ते मला मान्य होतं. चौथ्या महिन्यात त्याने माझ्या हातातलं जास्वंदीचं फूल ओढून घेतलं. दहाव्या महिन्यात तो उघड्या दारातून बाहेर आला, स्टुलाच्या पायाशी थांबला, आणि माझ्या मांडीवरून चढून पाठीमागच्या पडद्यावर गेला. मी वाटेतलं एक झाड होते. तरी त्या दिवशी पुढची चार पानं मी दोनदा वाचली.

‘विश्वास’ या शब्दात श्वास आहे. संस्कृतातल्या ‘वि-श्वस्’चा मूळ अर्थ मोकळा श्वास घेणं, आणि त्यावरून निर्धास्त असणं. सरड्याच्या बाबतीत हा अर्थ अक्षरशः डोळ्यांना दिसतो. त्याला आपल्यासारखा चेहरा नाही, ओठ नाहीत, शेपूट हलवून तो काही सांगत नाही. पण त्याच्या बरगड्यांवरची कातडी श्वासागणिक हलते. मी खोलीत आले की तो श्वास आधी थांबायचा, मग भराभर सुरू व्हायचा. तो ज्या दिवशी बदलेनासा झाला, त्या दिवशी काहीतरी झालं हे नक्की. काय झालं, यावर मात्र वाद होऊ शकतो.

माझी एक मैत्रीण हैदराबादला तत्त्वज्ञान शिकवायची, आता निवृत्त आहे. तिचं पहिलंच वाक्य: “अगं, ही सवय आहे. तू रसेलची कोंबडी पाळली आहेस.” बर्ट्रांड रसेलने १९१२ च्या एका पुस्तकात ती कोंबडी आणली. जो माणूस तिला रोज दाणे घालतो, तोच एके दिवशी तिची मान मुरगळतो. आणि त्या दिवसापर्यंत तिचा अंदाज रोज बरोबर ठरत आलेला असतो. रसेलला त्यातून अनुमानाची मर्यादा दाखवायची होती. मैत्रिणीला एवढंच म्हणायचं होतं की काल मिळालं म्हणून आज मिळेल, ही अपेक्षा आहे. अपेक्षेला विश्वास म्हणू नये.

अ‍ॅनेट बायर यांनी १९८६ च्या एका निबंधात हाच फरक अधिक बारकाईने केला होता. आपण कशावर तरी विसंबतो तेव्हा फार तर आपली निराशा होते. विश्वास टाकतो तेव्हा घात होऊ शकतो. घड्याळ बंद पडलं तर घड्याळाने विश्वासघात केला असं कोणी म्हणत नाही. या मापाने रेक्सकडे पाहिलं तर एक विचित्र गोष्ट दिसते. माजाच्या दिवसांत इग्वानाचा नर बदलतो. पुढच्या पायांवर केशरी झाक येते, तो जबडा उघडून अंगावर धावून येतो, चावला तर करवतीसारखे दात कातडी फाडतात. दर वर्षी काही आठवडे आमचं असं जातं. तेव्हा मी जाड हातमोजे घालते आणि वाट पाहते. पण त्याने माझा घात केला, असं मला एकदाही वाटलेलं नाही. म्हणजे बायर यांच्या अर्थाने माझा त्याच्यावर विश्वास नाहीच. मी त्याच्यावर, हवामानावर विसंबावं तशी, विसंबते. घात या नात्यात एकाच दिशेने होऊ शकतो. तो करू शकणारी मी एकटीच आहे.

आणि नेमक्या याच ठिकाणी बायर यांचा निबंध मला मैत्रिणीच्या आक्षेपापेक्षा पुढे गेलेला वाटतो. त्यांची तक्रार अशी होती की नीतिशास्त्राने विश्वासाचा विचार केला तो करार करणाऱ्या, साधारण बरोबरीच्या माणसांपुरता. तान्हं मूल, आजारी, आश्रित, ज्यांना करार करताच येत नाही, त्यांचा विश्वास हिशेबातच धरला नाही. तान्ह्या मुलाला आईच्या हेतूंविषयी काय कळतं? तरी ते विसावतं. त्या विसावण्याला आपण सवय म्हणून निकालात काढत नाही.

पण सरडा म्हणजे बाळ नव्हे, हेही खरं. बाळाला नको असेल तर ते रडतं, हात-पाय झाडतं. सरड्याचं ‘नको’ ओळखायला कठीण, आणि फसवं. हातात घेतलेला इग्वाना डोळे मिटतो तेव्हा लोक म्हणतात, बघा, किती आराम वाटतोय त्याला. पुष्कळदा तो समोरचं नकोसं जग बंद करत असतो. पळता येत नाही, लढून उपयोग नाही, मग डोळे मिटायचे. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांचे १९६७ चे कुत्र्यांवरचे प्रयोग कुप्रसिद्ध आहेत. ज्यांना आधी न चुकवता येणारे विजेचे धक्के दिले, त्यांतले बरेच कुत्रे पुढे सुटायची वाट मोकळी असूनही पडून राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला ते शांत दिसले असते. माणसाळलेले, असंही कोणी म्हणालं असतं.

विश्वास आणि हार, दोन्ही बाहेरून सारखीच शांत दिसतात, तर ओळखायचं कसं? मला एकच कसोटी सापडली आहे. त्याला नाही म्हणता येतं का, आणि म्हटलं तर मी ऐकते का. दार उघडं ठेवण्याचं खरं कारण हे. उघड्या दारातून तो माझ्याकडे न येता पडद्यावर जाऊ शकतो, आणि चारांतले तीन दिवस जातोच. म्हणूनच चौथ्या दिवसाला काही अर्थ आहे. ज्याला नकार देण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याच्या होकाराचं काय करायचं? घराघरांत, कचेऱ्यांत, लग्नांत आपण असले होकार साठवून ठेवतो आणि त्यांना प्रेम, निष्ठा, आदर अशी नावं देतो. पण ते राहू दे. मी सरड्याविषयी लिहिते आहे.

कसोटी सोपी वाटते ती औषधाची वेळ येईपर्यंत. त्या मऊ जबड्यासाठी डॉक्टरांनी सात महिने रोज, तोंडावाटे, कॅल्शियमचं पातळ औषध दिलं होतं. हे त्याला नको होतं, आणि इथे मी ऐकणार नव्हते. रोज संध्याकाळी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून, तोंडाच्या कोपऱ्यातून सिरिंजने औषध सोडायचं. डॉक्टर म्हणाले, फार झटापट होत असेल तर जास्वंदीच्या फुलात घालून पाहा, त्याला कळायचं नाही. मी ते केलं नाही. औषध मी आंघोळीच्या खोलीत द्यायची, एकाच रंगाच्या टॉवेलात, त्याच वेळी. टॉवेल दिसला की पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असायचं, तो फुत्कारायचा, आणि दोन मिनिटांत ते संपायचं. फांदीजवळ, फुलाबरोबर, मोकळ्या हाताने मी कधीच काही लादलं नाही. जबरदस्ती मी केली. फसवणूक नको होती.

मैत्रीण यावर खवळली. “त्याला खोटं म्हणजे काय ते कळतं तरी का? त्याची रोजची दोन मिनिटांची भीती वाचत होती. तू ती वाचवली नाहीस, कारण तुला स्वतः स्वच्छ राहायचं होतं.” हा आक्षेप मला हलका वाटत नाही. फुलात औषध घातलं असतं तर तो त्या दिवसांपुरता नक्कीच कमी घाबरला असता. पण फूल हे आम्हा दोघांत ठरलेलं एकुलतं एक वाक्य होतं. कडू चव एकदा जरी लागली असती, तरी ते वाक्य संदिग्ध झालं असतं, आणि मग प्रत्येक फुलापुढे त्याला थांबून विचार करावा लागला असता. टॉवेलची भीती टॉवेलपुरती राहिली. बळाचा वापर उघड, मोजका, ओळखता येईल असा असला, तर त्याच्या बाहेरची जागा निर्धास्त राहू शकते. हा युक्तिवाद राज्यकर्त्यांच्या तोंडी मला मुळीच आवडणार नाही, हेही इथेच नोंदवून ठेवते. मैत्रिणीला तो अजून पटलेला नाही.

मिशेल काबानाक नावाचे एक शरीरशास्त्रज्ञ होते, त्यांनी इग्वानाच्या आवडीनिवडीवर प्रयोग केले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, बालाश्को या सहकारी संशोधिकेबरोबर, त्यांनी इग्वानाच्या पिल्लांसाठी दिव्याच्या उबेत नेहमीचं पोषक खाणं ठेवलं, आणि दूर थंड टोकाला लेट्यूसची पानं. पोट उबेत भरत असूनही पिल्लं पानांसाठी थंडीत जायची. थंडी वाढवत नेली तशी त्यांची ये-जा कमी होत गेली. म्हणजे सुख आणि त्रास यांची ती काहीतरी तुलना करत होती. चवीसाठी थंडी सोसणारा प्राणी यंत्र नाही. याच काबानाक यांनी असंही दाखवलं की सरड्याला हळुवारपणे हाताळलं तरी त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात. हळुवारपणे. हे वाचल्यापासून मी त्याला कुरवाळणं जवळजवळ सोडलं. तो आपण होऊन खांद्यावर येऊन बसला तर मी बसू देते. कुरवाळण्याची गरज बरीचशी माझी होती.

आणि तरीही कुंपण आहेच. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असं म्हणताना आपण सरड्याच्या ऐपतीला हसतो. कुंपण कोणी घातलं ते म्हण विचारत नाही. मी पिंजऱ्याचं दार उघडं ठेवते, घराचं नाही. गच्चीवर उन्हाला नेते ते पट्टा बांधून. त्याला सोडून द्यावं अशी जागा या देशात नाही. फ्लोरिडात पाळीव म्हणून आणलेले आणि सोडून दिलेले किंवा सुटलेले इग्वाना इतके वाढले आहेत की तिथली सरकारी यंत्रणा लोकांना ते मारायला सांगते. कडाक्याच्या थंडीत ते बधिर होऊन झाडांवरून खाली पडतात, आणि २०२० च्या जानेवारीत मायामीच्या हवामान खात्याने ‘इग्वाना पडण्याची शक्यता’ अशी सूचनाच दिली होती. आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात अशा परदेशी प्राण्यांचाही समावेश झाला, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे मी त्याची ‘परिवेश’वर नोंदणी केली. कायद्याच्या भाषेत मी ‘ताबा असलेली व्यक्ती’ आहे. मला हा शब्द बरा वाटतो. पालक, मालक, मैत्रीण यांपेक्षा तो खरा आहे. ज्याला जायला दुसरीकडे जागाच नाही त्याने माझ्याजवळ निर्धास्त श्वास घेतला, तर त्यात माझं कौतुक किती आणि त्याची अडचण किती, हे त्या शब्दामुळे विसरता येत नाही.

इग्वाना नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. माझं वय एकसष्ट. पिंजरा, दिवे, नोंदणीचे कागद दुसऱ्याला देता येतील. तो ज्या श्वासाने माझ्यासमोर बसतो तो देता येणार नाही. भाचा व्हिडिओवर विचारतो, “मावशी, मला ओळखेल का गं तो?” मी फोन पिंजऱ्यासमोर धरते. रेक्स फोनकडे बघतो, मग दिव्याकडे.

वरच्या मजल्यावर पशुवैद्यकाचं शिकणारी एक मुलगी राहते. तिला मी विचारलं, तर ती लगेच हो म्हणाली. मी म्हटलं, आधी येऊन बसून बघ, मग ठरव. आणि त्यालाही ठरवू दे. गेले तीन आठवडे ती संध्याकाळी येते, माझ्या स्टुलावर बसून तिच्या परीक्षेची पुस्तकं कन्नड वळणाच्या इंग्रजीत मोठ्याने वाचते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, “आंटी, हात कधी लावायचा?” हल्ली विचारत नाही. काल ती वाचत असताना त्याने शेवग्याचा पाला खाल्ला. तिच्या हातातला नव्हे, ताटलीतला. तिने पान उलटायला हात उचलला तेव्हा तो थांबला, बरगड्या भराभर हलल्या. तिने पान उलटलं नाही. तीच ओळ पुन्हा वाचायला लागली.